पुसलेला इतिहास कोठे जातो?

नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर जुना संगणक विकावयास नेणारा गृहस्थ निघण्यापूर्वी ब्राउझरचा 'इतिहास' पुसतो व निश्चिंत होतो. ही निश्चिंतता फसवी आहे. इंटरनेट एक्सप्लोरर भेट दिलेल्या संकेतस्थळांची नोंद 'इंडेक्स डॉट डॅट' या लपलेल्या फायलींत ठेवीत असे. विंडोज चालू असता त्या सहजी पुसता येत नसत. 2012 च्या दहाव्या आवृत्तीने त्यांच्या जागी 'वेबकॅश' ही दुसरी वही आणली, एवढेच! क्रोमचीही 'हिस्टरी' नावाची फाइल असतेच. पुसलेली नोंद म्हणजे खतावणीवर मारलेली रेघ. त्या जागी नवे लिहिले जाईपर्यंत जुना आकडा जाणत्याला वाचता येऊ शकतो. 'इनकॉग्निटो' घरातल्यांपासून लपविते, इंटरनेट पुरविणाऱ्यापासून नव्हे.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणास मूलभूत हक्क मानले. परंतु विकलेल्या डिस्कवरील मुलीच्या आजाराचा शोध, कर्जाची चौकशी, विवाहस्थळांची पाहणी यांचे रक्षण घरधन्यालाच करावे लागते. डिस्क काढून घरी ठेवावी, हे उत्तम. ते शक्य नसल्यास संपूर्ण डिस्कवर नवे लेखन करवून घ्यावे. दुकानदाराचे 'क्विक फॉरमॅट' पुरेसे नाही.