तंबाखू नाही, मग सुपारीत एवढं काय?



गेल्या हिवाळ्यात इथे लंडनला मित्राकडे मिसळीचा बेत होता. सगळे मजेत खात होते, माझ्या तोंडाची मात्र पहिल्याच घासाला आग झाली. इंजिनिअरिंगची चार वर्षं कोल्हापुरात तांबडा रस्सा ओरपलेला मी, मला तिखट लागावं? आधी हसण्यावारी नेलं. दोन महिन्यांनी डेंटिस्टकडे गेलो. त्यांनी गालांच्या आतून बोट फिरवलं, तोंड किती उघडतंय ते पट्टीने मोजलं आणि विचारलं, "सुपारी खाता का?"

खातो ना. पण तंबाखू नाही की गुटखा नाही. श्रीवर्धनच्या मावशीच्या वाडीतला रोठा, जेवणानंतर. रात्रीचा कॉल लांबला की आणखी दोन-चार वेळा.

निदान झालं सबम्यूकस फायब्रोसिस, सुदैवाने सुरुवातीचं. यात गालाच्या आतली त्वचा पांढुरकी आणि ताठ होत जाते, तोंड उघडणं कमी होतं. गंमत म्हणजे हा आजार पहिल्यांदा नोंदवला गेला तोही परदेशातल्या भारतीयांमध्ये! १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातल्या भारतीय स्त्रियांमध्ये तो पाहिला, तर १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. जोशींनी त्याचं वर्णन केलं.

आता मुद्द्याचं. सुपारीत तांबं बरंच असतं. चघळताना ते लाळेत उतरतं आणि गालाला लागून राहतं. आपल्या शरीरात लायसिल ऑक्सिडेज नावाचं एक एन्झाइम आहे. कोलॅजेनचे धागे एकमेकांना घट्ट बांधायचं काम त्याचं, आणि त्यासाठी त्याला तांबं लागतं. तांबं वाढलं की बांधणी वाढते. दुसरीकडे सुपारीतलं अ‍ॅरेकोलिन पेशींकडून आणखी कोलॅजेन तयार करून घेतं. माल जास्त, गाठी घट्ट, आणि जुनं मोडून काढणारी यंत्रणा मंद! त्यातून गालात पट्टे तयार होतात.

हा नुसता ताठरपणा नाही, कॅन्सरची पूर्वअवस्था आहे. केरळात १७ वर्षं पाठपुरावा केलेल्या रुग्णांपैकी ७.६ टक्के जणांना तोंडाचा कॅन्सर झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच, तंबाखू नसली तरी, कॅन्सरकारक ठरवलं.

लगेच तांब्याच्या भांड्यातलं पाणी ओतून देऊ नका हं. तांबं शरीराला लागतंच. इथे प्रश्न आहे तो गालाशी तासन् तास मुरणाऱ्या सुपारीच्या रसाचा.

लोहाची गोष्ट उलटी. ते कमी पडलं की तोंडाची, घशाची त्वचा पातळ आणि नाजूक होते. स्वीडनमध्ये पूर्वी लोहाची तीव्र कमतरता असलेल्या बायकांमध्ये तोंडाचे आणि घशाचे कॅन्सर जास्त दिसत. आपल्या आजाराच्या अनेक रुग्णांमध्येही लोह कमी आढळतं. तिखट लागतं म्हणून जेवण कमी, हेही त्याला कारण असू शकतं. माझीही रक्ततपासणी झाली, लोहाच्या गोळ्या मिळाल्या. पण डॉक्टरांनी बजावलं, गोळ्या घेऊन सुपारी चालू ठेवाल तर उपयोग शून्य. शिवाय झालेले पट्टे सुपारी सोडल्याने विरघळत नाहीत, धोकाही पुरता संपत नाही. तपासणी कायम करत राहायची.

सगळ्यात अवघड होता मावशीला फोन. "अगं मावशी, या वेळी सुपारी पाठवू नकोस." ती म्हणाली, "का रे? आपल्या घरची आहे, औषध नाही मारलेलं!" सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझ्या काकांचं तोंडही हल्ली नीट उघडत नाही रे. मला वाटलं, दातामुळे."

काका पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेले. त्यांचा रिपोर्ट यायचाय.

तुम्हीही आरशासमोर उभे राहा. स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात का पाहा. जात नसतील, किंवा तिखटाने आग होत असेल, तर डेंटिस्टना सुपारीचं न लपवता सांगा. आणि गावाहून येणाऱ्या बॅगेत सुपारी असेल, तर ती पूजेपुरतीच ठेवा.