गाळ असेल तरच वेग कळेल

नितळ पाण्यातून आवाज आरपार जातो, मग त्याच आवाजाने प्रवाहाचा वेग कसा मोजतात, असं एका वाचकाने विचारलंय. शंका रास्त आहे. अकूस्टिक डॉप्लर यंत्राला पाण्याचा वेग कळतच नाही. कळतो तो पाण्याबरोबर वाहणाऱ्या गाळाचा आणि प्लवकांचा, म्हणजे तरंगत्या बारीक जीवांचा. कवडशातली धूळ बघून हवा कुठे चाललीय ते समजतं, तसंच. पाणी फारच स्वच्छ असेल तर यंत्र आंधळं!

६०० किलोहर्ट्झचा ध्वनी सोडला आणि कण सेकंदाला १ मीटर वेगाने यंत्राकडे येत असला, तर प्रतिध्वनीची वारंवारता सुमारे ८०० हर्ट्झने वाढते. उशिरा परतलेला प्रतिध्वनी लांबच्या थराचा, म्हणून एकाच ठिकाणाहून थराथराचा वेग हाती येतो. दिशा कळावी म्हणून चहूबाजूंना तिरपे झोत टाकतात.

वारंवारतेतल्या या बदलाच्या बाबतीत नाव होतं ते शास्त्रज्ञ डॉप्लरचं. मला मात्र डच शास्त्रज्ञ बाइस बॅलट जास्त आवडतो. ताऱ्यांचे रंग त्यांच्या गतीमुळे बदलतात, असं डॉप्लरने १८४२ मध्ये प्रागमध्ये मांडलं. बॅलटला ते पटेना. १८४५ मध्ये त्याने उट्रेख्ट ते मार्सन या रेल्वेमार्गावर तुतारीवादकांना चक्क गाडीत चढवलं आणि स्वर ओळखायला तयार कानाचे वादक रुळांशेजारी उभे केले. फेब्रुवारीतला प्रयत्न थंडी-बर्फाने फसला, जूनमधला साधला. गाडी जवळ येताना स्वर चढा, लांब जाताना उतरता! आवाजाच्या बाबतीत डॉप्लर बरोबर ठरला, पण ताऱ्यांच्या रंगांचं स्पष्टीकरण बॅलटने मान्य केलं नाही ते नाहीच. त्याचंच खरं होतं.

ही यंत्रं वेगाबरोबर पाण्याचा दाबही मोजतात. एकाच नळकांड्यात दोन्ही मोजमापं होतात, त्यामुळे दाबही आवाजानेच मोजतात असा समज होतो. प्रत्यक्षात दाबाला वेगळा संवेदक असतो. त्याचा पातळ पडदा वरच्या पाण्याच्या भाराने किंचित वाकतो. १० मीटर पाणी म्हणजे साधारण एक वातावरणाचा दाब. नदीत हवेचा दाब १० मिलिबारने चढला, तर यंत्राला १० सेंटिमीटर पाणी वाढल्यासारखं वाटतं. ते वजा करावं लागतं.

गोव्यात दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने अशी यंत्रं पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रात नांगरून ठेवली आहेत. तिथला किनारी प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडे उलटतो. पण संध्याकाळी या यंत्रांची गंमत होते. तिन्हीसांजेला प्राणिप्लवक खायला वर येतात, पहाटे पुन्हा खोल उतरतात. ते स्वतःच पोहत असल्याने यंत्राला वाटतं, पाणीच वर चाललंय. प्रवाह मोजणारा ही नोंद बाजूला सारतो आणि जीवशास्त्रज्ञ नेमकी तीच मागून घेतो.