बालमित्र आणि जन्मगांव

आपलें जन्मगांव पाहावयास म्हणून सहसा कोणी जात नाहीं. जावयाचें तें कोणाच्या तरी लग्नास, मुंजीस, वर्षश्राद्धास, किंवा शेताच्या सात-बाराच्या उताऱ्यासाठीं. कार्य दोन दिवसांचें असतें. त्यांत एक दिवस पंक्ति वाढण्यांत जातो आणि दुसरा सामान बांधण्यांत. काका, मामा, आत्या ह्यांच्या घरीं चहा घेतां घेतां संध्याकाळ होते, आणि परतीच्या गाडींत बसल्यावर लक्षांत येतें कीं, गांवांत चार दिवस राहूनही गांव कांहीं पाहिलें नाहीं. ज्या कुटुंबांतून मुलें शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं बाहेर पडलीं, त्या बहुतेक कुटुंबांचा हाच अनुभव असेल.

आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, जन्मगांव नीट पाहावयाचें असेल तर तें आप्तांच्या घोळक्यांत पाहतां येत नाहीं. त्यासाठीं बालपणचा मित्र सोबतीला हवा, आणि त्याच्याबरोबर हिंडावयास मुद्दाम राखून ठेवलेले दोन-चार दिवस हवेत. नातलग आपल्या पगाराची, मुलांच्या शिक्षणाची आणि घराच्या हप्त्यांची चौकशी करितात. त्यांत गैर कांहीं नाहीं. बालमित्र मात्र ‘पायांत वहाणा घाल, चल’ एवढेंच म्हणतो. त्याला आपली ओळख आजच्या हुद्द्यावरून नसते. कोणत्या विहिरींत आपण प्रथम उडी मारली आणि कोणत्या गुरुजींच्या छडीला भीत होतों, ह्यावरून असते.

उदाहरणादाखल आम्हांस ठाऊक असलेलेंच गांव घेतों. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागांत सातपुड्याच्या पायथ्याशीं संग्रामपूर तालुका आहे. त्यांत वरवट बकाल हें बाजाराचें गांव. शेगांवाहून उत्तरेस येणारा रस्ता आणि जळगांव जामोदाकडून तेल्हाऱ्यास जाणारा रस्ता येथें एकमेकांस भेटतात. ह्याच तालुक्यांत वरवट खंडेराव असेंही एक गांव आहे. ‘बकाल’ हा शब्द आज आपण ओंगळ, कळाहीन वस्तीस लावतों; परंतु मूळ अरबी शब्दाचा अर्थ भाजीपाला व धान्य विकणारा वाणी असा आहे. गांवाच्या नांवावरून परगांवचे लोक थट्टा करितात. तिला हें उत्तर पुरेसें आहे, आणि बाजाराच्या दिवशीं मित्राबरोबर चौकांत उभें राहिलें म्हणजे तें पटतेंही.

पहिला दिवस गांवांतच पायीं हिंडण्याचा असावा. मोटारींतून गांव दिसत नाहीं. कोणाच्या वाड्याच्या जागीं सिमेंटची इमारत उठली, कोणतें झाड तुटलें, कोणाचा मुलगा पुण्यास गेला आणि कोणाचा परत येऊन दुकान घालून बसला, हें सारें मित्र चालतां चालतां सांगतो. वाडे ओस पडण्याचीं कारणेंही त्याच्याकडूनच कळतात. कांहीं घरांचा जमिनीशीं असलेला संबंध १९५८ च्या विदर्भांतील कूळकायद्यानंतर सैल झाला, कांहींचा नोकरीमुळें. जो गेला त्याला ‘आमचें सर्व गेलें’ असें वाटतें. जो राहिला त्याला ‘आम्हांला सोडून गेले’ असें वाटतें. हीं दोन्हीं वाक्यें एकाच ओट्यावर बसून बोललीं गेलीं, तर त्यांतली धार पुष्कळशी कमी होते.

ह्या भागांत आणखी एक गोष्ट मित्रावांचून समजत नाहीं, ती म्हणजे पाणी. पूर्णा नदी अकोल्याकडून पश्चिमेस वाहत जाऊन चांगदेवापाशीं तापीस मिळते. तिच्या कांठच्या गाळाच्या प्रदेशास खारपाण पट्टा म्हणतात. अमरावती, अकोला आणि बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. वर काळीभोर, कपाशीची जमीन आणि खालीं खारें पाणी, असा हा विचित्र योग आहे. त्या पाण्यानें ओलीत केलें तर जमीन बिघडते, म्हणून विहीर असूनही शेतकऱ्यानें आकाशाकडेच पाहावयाचें. सुटींत आलेली मंडळी एक घोट घेऊन तोंड वेंगाडतात आणि बाटलींतलें पाणी मागवितात. येथल्या पिढ्यांनीं मात्र तेंच पाणी जन्मभर प्यालें. संग्रामपूर व जळगांव जामोद तालुक्यांत मूत्रपिंडाच्या विकाराचे रोगी फार, ही गोष्ट वृत्तपत्रांतून अनेक वर्षें येत आहे. पुढें वान धरणाचें पाणी गांवोगांवीं नेण्यासाठीं १४० गांवांची योजना झाली. नळाला पाणी कधीं येतें, किती येतें, हें मात्र वृत्तपत्रापेक्षां मित्राच्या घरच्या माउलीस अधिक ठाऊक असतें.

दुसरा दिवस सातपुड्याचा. वान नदीवर, वारी भैरवगडाजवळ हनुमानसागर धरण आहे, आणि तेथेंच वारीचा प्रसिद्ध मारुति. ह्या मारुतीची स्थापना समर्थांनीं केली अशी लोकांची श्रद्धा आहे. अकोला आणि बुलढाणा ह्या दोन्ही जिल्ह्यांतील मंडळी येथें सहलीस जमतात. थोडें आंत गेलें म्हणजे अंबाबरवा अभयारण्य लागतें. १९९७ सालीं घोषित झालेलें, सुमारें १२७ चौरस किलोमीटरांचें हें अरण्य मेळघाट व्याघ्रप्रकल्पांत मोडतें. तेथें वनखात्याच्या परवानगीनेंच जावयाचें. पूर्वेस अकोट तालुक्यांत नरनाळ्याचा किल्ला आहे. त्याचा महाकाली दरवाजा १४८७ सालचा. फत्तेउल्ला इमादुल्मुल्कानें बांधलेला. त्यावरील कोरीव काम पाहण्यासाठीं एक सबंध सकाळ काढून ठेवावी.

सहलीच्या जेवणास हॉटेल शोधूं नये. वऱ्हाडांत रोडगे असतांना दुसरें कांहीं मागणें हा अपराध आहे. गव्हाच्या जाडसर कणकेचे थर देऊन वळलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजावयाचे, राख झटकून फोडावयाचे, आणि तूप सोडून वरण व वांग्याच्या भाजीबरोबर खावयाचे. हें जेवण एकट्याला करतां येत नाहीं, हाच त्याचा मोठा गुण. एकानें गोवऱ्या रचाव्या, दुसऱ्यानें कणीक मळावी, तिसऱ्यानें वांगीं चिरावीं. आणि रोडगे होईपर्यंत दीड-दोन तास निखाऱ्यांभोवतीं बसून राहण्यावांचून कोणालाही गत्यंतर नसतें.

त्या दीड-दोन तासांचें मोल आम्हांस ठाऊक आहे. आमचे एक बालमित्र शाळा संपल्यावर शेतीवरच राहिले. दर सणाला त्यांचा फोन येतो, ‘सर्व ठीक’ म्हणून तो संपतो. एकदां वारीला निखाऱ्यांपाशीं बसलों असतां, काडीनें राख सारीत सारीत त्यांनीं सांगितलें कीं, त्यांचे थोरले बंधु दोन वर्षांपासून आठवड्यांतून दोनदां रक्तशुद्धीसाठीं अकोल्यास जातात. त्यासाठीं एक बैलजोडी विकली, आणि धाकट्या मुलीचें कॉलेज लांबणीवर पडलें. त्यांनीं कांहीं मागितलें नाहीं, आणि आम्हींही त्या क्षणीं कांहीं देऊं केलें नाहीं. रोडगे झाले, जेवणें झालीं. परततांना मुलीच्या प्रवेशाची गोष्ट निघाली, आणि ती दोघांनीं मिळून कशी पार पाडावी ह्याचा विचार वाटेंतच ठरला. दोन वर्षें तारेवरून जें आलें नाहीं तें एका दुपारींत आलें. कांहीं गोष्टी तोंडासमोर बसूनही सांगतां येत नाहींत. त्या शेजारीं बसून, दोघांनींही तिसरीकडे पाहत असतांना सांगाव्या लागतात. सहलीचा खरा उपयोग हाच.

तिसरा दिवस शेगांव-खामगांवास द्यावा. शेगांव हें मुंबई-नागपूर लोहमार्गावरील स्थानक; हा मार्ग १८६७ सालीं नागपूरपर्यंत पोंचला. श्रीगजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजीं शेगांवीं प्रकट झाले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजीं, ऋषिपंचमीच्या दिवशीं, समाधिस्थ झाले. दर्शनाच्या रांगेंत दोघे मित्र मागें-पुढें उभे असले म्हणजे रांग लांब वाटत नाहीं. रांगेंतून सुटल्यावर स्थानकाकडची कचोरी खावी. दोघांनाही वैद्यानें तळलेलें वर्ज्य सांगितलें असल्यास एक कचोरी दोघांत खावी. खामगांवची गोष्ट निराळी. कापसासाठीं जलंबहून खामगांवास रेल्वेची लहानशी शाखा १८७० सालीं उघडली, तेव्हां खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. अवघे १३ किलोमीटर अंतर. पण ह्या फांट्यावरून वऱ्हाडचा कापूस परदेशच्या गिरण्यांपर्यंत गेला. आज खामगांवचें नांव चांदीसाठीं घेतात.

सवड अधिक असेल तर दक्षिणेस मेहकर आणि लोणार गांठावें. लोणारचें सरोवर काळ्या पाषाणांत उल्कापातानें झालेलें, सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें. अलेक्झांडर नामक इंग्रज अधिकाऱ्यानें त्याची नोंद १८२३ सालीं केली, आणि २०२० सालीं त्यास रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. त्या खाऱ्या पाण्याकाठीं देशोदेशींचे शास्त्रज्ञ येतात. पूर्णाकाठच्या खाऱ्या विहिरीपाशीं मात्र फार थोडे थांबतात. मेहकरास ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) ह्यांची आठवण काढावी. त्यांची ‘शीळ’ जी. एन्. जोशी ह्यांच्या ध्वनिमुद्रिकेमुळें महाराष्ट्रभर गेली, १९८६ सालीं ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पण कवि मात्र मेहकरासच वकिली करीत राहिले. गांव सोडल्यावांचून मनुष्य मोठा होत नाहीं अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आतांपर्यंत आम्ही मित्रांविषयीं बोललों, मैत्रिणींचें काय? पुरुषाचें जन्मगांव बदलत नाहीं, स्त्रीचें लग्नाबरोबर बदलतें. तिची बालमैत्रीणही तशीच दुसऱ्या गांवीं दिलेली. दोघी एकाच वेळीं माहेरीं आल्या तर भेट. आणि आल्या तरी एक स्वयंपाकघरांत, दुसरी पाहुण्यांत. भाऊ मित्राबरोबर दिवसभर बाहेर असतो, त्याला कोणी विचारीत नाहीं. बहिणीनें तासभर मैत्रिणीकडे जावयाचें म्हटलें कीं ‘आतांच कशाला?’ असा प्रश्न येतो. ज्या बुलढाण्यांतील ताराबाई शिंदे ह्यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून असल्या दुटप्पी न्यायास जाब विचारला, त्या जिल्ह्यांत तरी ही गोष्ट पुन्हां पुन्हां सांगावी लागूं नये. आमची सूचना साधी आहे. भाऊबीजेनंतरचा एक सबंध दिवस माहेरवाशिणीचा असावा. त्या दिवशीं चूल भावानें आणि भावजयीनें मिळून सांभाळावी, नातवंडें आजीजवळ राहावीं, आणि दोघी मैत्रिणी शेगांवास, वारीस, किंवा नुसत्या आपल्या जुन्या शाळेपर्यंत जाऊन याव्या. कोठें जातां, केव्हां येतां, हें कोणी विचारूं नये.

सहलीचे कांहीं नियमही सांगून ठेवावेसे वाटतात. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम. हुरडाही त्याच सुमारास मिळतो. वैशाखांत वऱ्हाडचें ऊन अंगावर घेऊं नये, आणि पावसाळ्यांत ओढ्या-नाल्यांचा भरंवसा धरूं नये; जुलै २०२३ च्या अतिवृष्टींत ह्याच तालुक्यानें केवढा पूर सोसला तें स्मरावें. खर्च अर्धा अर्धा करावा. शहरांतल्या मित्रानें सर्व पैसे भरण्याचा आग्रह धरिला कीं मैत्रीचा पाहुणचार होतो. ‘पूर्वीचें गांव राहिलें नाहीं’ हें वाक्य एका दिवसांत एकदांच म्हणावें; गांवांत राहणाऱ्यानें तें रोज सोसलेलें असतें. आणि मित्र कोणत्याही ज्ञातीचा असो, एक जेवण त्याच्या घरीं, त्याच्या माणसांच्या पंक्तीस बसून करावें. आपल्या आजोबांच्या काळीं तो ओसरीवरून परत जात असे. ही आठवण दोघांनाही असते, आणि तिच्यावर भाषण करण्यापेक्षां त्याच्या घरच्या भाकरीचा पहिला घांस घेणें अधिक बोलकें.

मुलांना ह्या सहलींत न्यावें कीं नाहीं, असें कोणी विचारील. एक दिवस अवश्य न्यावें. बापाला कोणी एकेरी नांवानें हांक मारतो, त्याच्या पाठींत थाप घालतो, आणि बाप हंसतो, हें मुलांनीं पाहिलेलें चांगलें. घराण्याचा इतिहास वंशावळीच्या कागदांतून कळतो, पण आपल्या वडिलांचें लहानपण केवळ त्यांच्या मित्राच्या तोंडून कळतें. बाकीचे दिवस मात्र दोघांचेच राहूं द्यावे.

घरांतल्या कर्त्या मंडळींस आमची विनंती आहे. दिवाळीच्या सुटीचा बेत आंखतांना, कोणाकडे किती दिवस राहावयाचें ह्याची वांटणी होते, तींत ‘मित्र’ किंवा ‘मैत्रीण’ असें एक घर आणखी धरावें आणि त्याच्या नांवें तारीख लिहावी. तारीख लिहिली नाहीं तर ‘पुढच्या खेपेस नक्की’ असें म्हणून आपण निघून येतों. आणि पन्नाशी उलटल्यावर पुढच्या खेपा मोजक्याच उरलेल्या असतात. गांव तेथेंच राहील, सातपुडाही राहील. तो दाखविणारा मनुष्य आहे तोंवर जाऊन यावें.