आधी वाटणी, मग खर्च

पगार झाला की महिन्याच्या खर्चाची रोख रक्कम बाबवार वेगवेगळ्या पाकिटांत घालायची, प्रत्येक पाकिटावर बाब आणि आकडा लिहायचा आणि त्या बाबीसाठी त्याच पाकिटातून पैसे काढायचे, ही पाकीट पद्धत. पाकीट रिकामे झाले की त्या बाबीवरचा खर्च पुढच्या वाटणीपर्यंत थांबतो. जमाखर्चाच्या वहीत खर्चाची नोंद तो झाल्यावर होते. पाकिटात त्याची मर्यादा तो होण्याआधीच ठरते. वही रोज लिहायची चिकाटी फार थोड्या घरांत टिकते. पाकिटांना मात्र महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी, तासभर दिला की पुरतो.

सगळाच खर्च पाकिटांत घालायचा नसतो. घराचा हप्ता किंवा भाडे, वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स, विमा, आवर्ती ठेव यांचे आकडे ठरलेले असतात आणि ते खात्यातून परस्पर जातात. पाकिटे लागतात ती हात सैल पडतो अशा बाबींना. समजा, घरात दरमहा 45,000 रुपये येतात आणि ठरलेल्या देण्यांना 23,000 जातात. उरलेल्या 22,000 ची वाटणी अशी होऊ शकते : किराणा 6,500, भाजी-फळे 4,000, दूध 2,700, पेट्रोल आणि प्रवास 2,500, घरकामाच्या बाईंचा पगार 1,500, औषधे 800, बाहेरचे खाणे आणि करमणूक 1,500, आणि वर्षाच्या खर्चांसाठी 2,500. हे आकडे अंदाजाने टाकले तर पहिल्याच महिन्यात कोलमडतात. त्यासाठी आधीचे दोन-तीन महिने वाण्याची बिले, दुधाचा हिशेब आणि बँकेचे पासबुक समोर ठेवून प्रत्यक्षात किती खर्च होतो ते काढावे लागते. काटकसर त्यानंतर, आणि तीही एकदम निम्म्यावर न आणता थोडी थोडी.

भाजीचे पाकीट महिन्याचे असू नये. पहिल्या आठवड्यात हापूसची पेटी येते आणि वीस तारखेला पाकिटात शंभराची एक नोट उरते. म्हणून 4,000 चे चार भाग करणे सोयीचे वाटते; पण महिना चार आठवड्यांहून दोन-तीन दिवसांनी मोठा असतो आणि ओढाताण नेमकी त्याच दिवसांत होते. दर आठवड्याला 900 आणि शेवटच्या दिवसांसाठी 400 अशी विभागणी जास्त खरी. सुट्ट्या नोटांची सोयही आधी करावी लागते. एटीएममधून पाचशेच्याच नोटा हाती आल्या तर पाकिटे भरतच नाहीत. बँकेत पैसे काढायची स्लिप भरून दहा, वीस, पन्नास आणि शंभराच्या नोटा मागून घेणे हा त्यावरचा साधा उपाय.

एका पाकिटातले पैसे दुसऱ्यासाठी काढायचे नाहीत, हा नियम पाळणे अवघड आणि कधी कधी अन्यायाचेही असते. घरात कोणी तापाने फणफणले तर औषधांचे 800 रुपये दोन दिवसांत संपतात. अशा वेळी करमणुकीच्या पाकिटातून पैसे जरूर घ्यावेत, पण किती घेतले आणि कशासाठी, याची चिठ्ठी त्या पाकिटात टाकावी. तीन महिने सलग तीच चिठ्ठी दिसली तर मूळ वाटणी चुकली आहे असे समजून ती बदलावी. वाटणी करताना घरातली कमावती आणि घर चालवणारी अशी सगळी मोठी माणसे एकत्र बसलेली बरी. आकडे एकाने ठरवायचे आणि निभावून दुसऱ्याने न्यायचे, अशा घरात भाजीचे पाकीट भांडणाचे कारण होते.

या पद्धतीचा कस लागतो तो वर्षाच्या पाकिटात. मराठी घरांचे अंदाजपत्रक भाजीपेक्षा जून, गणपती आणि दिवाळी यांमुळे अधिक मोडते. हे खर्च अचानक आल्यासारखे वाटतात, पण त्यांचा महिना दरवर्षी ठाऊक असतो. जूनमधली वह्या-पुस्तके आणि गणवेश 6,000, गणपती 6,000, दिवाळी 10,000, लग्नकार्यांतले आहेर 4,000, दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंग 4,000 असे धरले तर वर्षाचे 30,000 होतात, म्हणजे दरमहा 2,500. पहिल्या वर्षी यात तूट येणारच. मे महिन्यात सुरुवात केली तर ऑक्टोबरपर्यंतच्या सहा पगारांतून 15,000 जमतात, आणि जून, गणपती, दिवाळी मिळून 22,000 लागतात. मधले 7,000 बोनसमधून घ्यावेत किंवा त्या सहा महिन्यांत दरमहा साधारण 3,700 बाजूला काढावेत. दुसऱ्या वर्षापासून ही घडी बसते. इतर पाकिटांत महिनाअखेरीस उरलेली चिल्लर-नोट याच पाकिटात जावी.

माणूस पैशांना मनातल्या मनात वेगवेगळ्या कप्प्यांत घालतो आणि एका कप्प्यातले दुसऱ्यात वापरायला कचरतो, हे अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी 1980 च्या दशकापासून मांडले. त्यांना 2017 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पाकीट हा त्याच सवयीचा कागदी आधार. दिलीप सोमण आणि अमर चीमा यांनी भारतातल्या रोखीने मजुरी मिळणाऱ्या कामगारांबरोबर केलेला प्रयोग 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. बचतीची रक्कम एका पाकिटात बंद करून ठेवण्यापेक्षा तीच दोन पाकिटांत विभागली तेव्हा कामगारांची जास्त बचत झाली, आणि पाकिटावर मुलांचा फोटो असला की तीत आणखी भर पडली. नोट हातातून जाताना मन थोडे अडखळते, हेही पडताळलेले आहे. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी 2001 मध्ये मांडलेल्या प्रयोगांत, क्रेडिट कार्डाने पैसे देणाऱ्यांनी सामन्याच्या तिकिटांसाठी रोखीवाल्यांपेक्षा कितीतरी अधिक बोली लावली.

रोख घरात ठेवण्यात धोका आहे. ती चोरीला जाते, तिच्यावर व्याज मिळत नाही, आणि 8 नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीनंतर तांदळाच्या डब्यात वर्षानुवर्षे साठवलेल्या पाचशे-हजारच्या नोटा घेऊन बायकांना बँकेच्या रांगेत उभे राहावे लागले. तेव्हा महिन्याच्या खर्चापलीकडची रक्कम घरात नको. वर्षाचे पाकीट प्रत्यक्षात वेगळे बचत खाते किंवा पोस्टातले खाते असावे; पाकिटावर फक्त आकडा लिहीत जावे.

आता मंडईतल्या भाजीवालीकडेही क्यूआर कोड लटकतो. त्यामुळे पाकिटे मोबाइलमध्ये आणायची इच्छा होते, आणि ते जमतेही. पगाराच्या खात्याला यूपीआय जोडायचेच नाही. दुसऱ्या खात्यात दर सोमवारी आठवड्याची ठरलेली रक्कम वळवायची आणि खरेदी त्याच खात्यातून करायची. यूपीआय लाइटचाही असा उपयोग होतो. त्यात आधी पैसे भरावे लागतात आणि 2024 च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने वाढवलेल्या मर्यादेनुसार त्यात एका वेळी जास्तीत जास्त 5,000 रुपये राहतात. मात्र शिल्लक संपताच आपोआप भरणारी सोय बंद ठेवावी, नाहीतर त्या पाकिटाला तळच उरत नाही. ज्यांचा खर्च खरोखर हाताबाहेर गेला आहे, त्यांनी निदान पहिले तीन-चार महिने नोटांनीच काढावेत. पडद्यावरचा आकडा कमी होताना जाणवत नाही. पाकीट पातळ झालेले हाताला कळते.

ठरावीक पगार नसलेल्यांना ही पद्धत वेगळ्या क्रमाने लावावी लागते. रिक्षाचालकाची वाटणी रोज रात्री होते : आधी सीएनजी, मग गाडीचा हप्ता, मग विमा आणि दुरुस्ती, आणि उरेल ते घरात. हप्त्याचा रोजचा वाटा पतसंस्थेच्या पिग्मी खात्यात टाकणारे अनेक जण हेच करत असतात. शेतकऱ्याकडे सोयाबीन, कांदा किंवा उसाचे पैसे वर्षातून एक-दोनदा आणि एकदम येतात. त्यातून आधी पीककर्जाची परतफेड, मग पुढच्या हंगामाचे बियाणे आणि खत, आणि बाकीच्या रकमेचे पुढचा माल विकला जाईपर्यंतच्या महिन्यांइतके भाग करावे लागतात. ते भाग बँकेत ठेवून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एकच भाग काढला, म्हणजे शेतकरी कुटुंबालाही ठरलेला पगार सुरू होतो आणि तिथून पुढची पाकिटे नोकरदाराच्या घरासारखीच भरता येतात.