टॉवरमधला सांधा: गर्दीच्या वेळी कंट्रोलर एकमेकांना काय सांगायचे राहतात?

आजचा विषय अक्षरशः आपल्या डोक्यावरचा आहे. विमाननगर-लोहगावला राहणाऱ्यांना तर वेगळं सांगायला नको. पुण्याची वापरातली धावपट्टी एकच, साधारण अडीच किलोमीटरची. तिच्यावरून प्रवासी विमानंही जातात आणि हवाई दलाची सुखोईही. मूळचा हा हवाई दलाचा तळ, त्यामुळे इथलं हवाई वाहतूक नियंत्रण हवाई दलाकडे आहे.

आपल्याला वाटतं, टॉवरमध्ये एक माणूस बसून सगळी विमानं सांभाळतो. तसं नसतं. मोठ्या विमानतळावर जमिनीवरची हालचाल एकाकडे, धावपट्टी दुसऱ्याकडे आणि वरचं आकाश रडारवरच्या तिसऱ्याकडे असतं. या सगळ्यांवर एक शिफ्ट इन-चार्ज. हे काम वाटायचं का? तर माणसाच्या डोक्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी टिकतात म्हणून. पण काम वाटलं की सांधे तयार होतात, आणि नळ गळतो तो बहुतेक वेळा सांध्यावर.

उदाहरण बघू. ७ जानेवारी २०२२, बंगळुरू. तिथे दोन समांतर धावपट्ट्या आहेत, उत्तर आणि दक्षिण. त्या सकाळी उत्तरेकडून उड्डाणं आणि दक्षिणेवर उतरणं चालू होतं. मग शिफ्ट इन-चार्जने ठरवलं, की आता दोन्ही कामं उत्तरेवरूनच करू आणि दक्षिण बंद. निर्णयात गैर काही नव्हतं. पण तो दक्षिणेच्या कंट्रोलरपर्यंत पोचला नाही. त्याने कोलकात्याच्या विमानाला उड्डाणाची परवानगी दिली आणि त्याच सुमारास उत्तरेच्या कंट्रोलरने भुवनेश्वरच्या विमानाला दिली. दोन्ही विमानं उडाली आणि हवेत एकमेकांकडे येऊ लागली. त्यांत मिळून चारशेहून जास्त माणसं होती. रडारवरच्या कंट्रोलरच्या ते लक्षात आलं आणि त्याने दोघांना वेगवेगळ्या दिशांना वळवलं, म्हणून निभावलं.

आता गंमत बघा. दोन्ही कंट्रोलर आपापल्या माहितीनुसार बरोबरच वागत होते. चूक एका डोक्यात नव्हती, दोन डोक्यांच्या मधे होती.

गर्दीत हे जास्त का होतं? एक तर वैमानिकांशी बोलण्यातच तोंड आणि कान गुंतलेले असतात. शेजाऱ्याला सांगायचं ते अर्ध्या वाक्यात उरकलं जातं. तो मान हलवतो. ती मान 'कळलं' म्हणून हलली की 'थांब जरा' म्हणून, हे विचारायला वेळ नसतो. दुसरं, घाईत आपण अपेक्षित तेच ऐकतो. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: धोका नुसत्या गर्दीत नसतो, तो बदलात असतो. धावपट्टी बदलली, शिफ्ट बदलली, दोन जागांचं काम एकाकडे आलं, की जुनं चित्र एखाद्याच्या डोक्यात तसंच राहतं.

यावर उपाय जुनेच आहेत. एकेरी रेल्वेमार्गावर ड्रायव्हरला टोकन देत, आठवतं? टोकन हातात नसेल तर गाडी हलवायची नाही. टॉवरमधल्या स्ट्रिपचं तत्त्व साधारण असंच. प्रत्येक विमानाची एक पट्टी असते आणि विमानाची जबाबदारी सरकली की पट्टीही सरकते. धावपट्टीवर गाडी गेली असेल तर तशी खुणेची पट्टी समोर लावायची, म्हणजे डोकं विसरलं तरी डोळ्याला दिसतं. १५ फेब्रुवारी २०२० ला पुण्यातच एअर इंडियाच्या विमानाला उड्डाणासाठी धावताना समोर जीप आणि माणूस दिसला. वैमानिकांनी वेळेआधीच विमान उचललं. त्याच्या सांगाड्याला इजा झाली, पण ते दिल्लीला सुखरूप उतरलं. धावपट्टीवर कोण आहे, हे परवानगी देणाऱ्याला त्या क्षणी दिसायलाच हवं, ते एवढ्यासाठी. आणि तोंडी निरोप? तो समोरच्याने उलट म्हणून दाखवायचा. मान हलवणं हे उत्तर नव्हे.

शेवटचा मुद्दा. १ जुलै २००२ ला जर्मनीत युबरलिंगेनवर दोन विमानं धडकली, ७१ माणसं गेली. झुरिकमध्ये एकच कंट्रोलर दोन पडदे सांभाळत होता, दुसरा विश्रांतीला गेला होता. मुख्य टेलिफोन देखभालीसाठी बंद होता, त्यामुळे शेजारच्या केंद्राला धोका दिसूनही फोन लागला नाही. पुढे २००४ मध्ये मृतांच्या एका नातेवाइकाने त्या कंट्रोलरचाच खून केला. न्यायालयाने २००७ मध्ये कंपनीच्या चार जणांना दोषी धरलं.

म्हणून पुढच्या वेळी 'कंट्रोलरची चूक' अशी बातमी वाचलीत, तर एक प्रश्न जरूर विचारा: त्याला हे सांगायचं काम कुणाचं होतं, आणि ते सांगितलं गेलं का? नुसत्या शिक्षेने माणसं चुका लपवायला शिकतात. आणि लपवलेली चूक दुसऱ्या कंट्रोलरच्या उपयोगी पडत नाही.