फोनवरचा माणूस आप्त कसा?

मंडळी, ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथली पोरं अमेरिकेतल्या लोकांना 'कर खात्यातून बोलतोय, पैसे भरा, नाहीतर अटक' असं धमकावत होती. आपल्या साखऱ्यात फोन येतो तो 'मोबाईलमध्ये व्हायरस शिरलाय', 'केवायसी संपली' असा. सोंग वेगळं, रीत तीच: आधी भीती, मग घाई.

न्यायदर्शन शब्दाला प्रमाण मानतं, पण तो आप्ताचा हवा. म्हणजे विषय जाणणाऱ्याचा आणि खरं सांगणाऱ्याचा. फोनवरचा माणूस आप्त आहे, हे कोण सांगतं? तो स्वतःच! मग ते प्रमाण कसलं?

म्हणून फोन ठेवा. पासबुकावरचा नंबर पाहून आपणच बँकेला लावा. कुणाच्या सांगण्यावरून एनीडेस्कसारखं अ‍ॅप घेऊ नका. त्यातून तुमचा मोबाईल त्याच्या हाती जातो. रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्येच तसं बजावलंय. ओटीपी सांगू नका. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागतच नाही.

आणि पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. तडक १९३० लावा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी कळवलं, तरच ते अडवता येतात.