काँक्रीटवर डांबर

१९७६ साली स्थापन झालेल्या नोएडात आता जुनी म्हणावीत अशी घरे आहेत. फाटकापासून घरापर्यंतची काँक्रीटची वाट भंगू लागली, की तिच्यावर डांबराचा थर द्यावा, असा सोपा विचार सुचतो. परंतु खालचे काँक्रीट स्वस्थ नसते. उन्हाळ्यात ते प्रसरण पावते, थंडीत आकुंचन पावते. १० मीटर लांबीत, ४० अंशांच्या फरकाने, सुमारे ४ मिलिमीटर. ही हालचाल सांध्यांपाशी एकवटते आणि नेमकी तेथेच वरच्या डांबरास चीर पडते.

यास्तव डुगडुगणारे तुकडे आधी काढून नवे काँक्रीट भरावे. भेगा साफ करून बुजवाव्यात, धूळ झाडून पातळ डांबराचा हात द्यावा आणि गरम मिश्रण निवण्यापूर्वी रूळ फिरवावा. जुन्या सांध्यांच्या बरोबर वर नव्या थरातही सरळ खाच पाडून ती लवचीक डांबराने भरावी. म्हणजे चीर वेडीवाकडी न धावता ठरल्या जागी राहते.

आणखी एक पथ्य आहे. वाट ५ सेंटिमीटर उंचावली, की घराचे जोते तेवढेच बुटके होते. उतार घराकडे झाला, तर पहिल्याच पावसात सुधारलेली वाट पाणी उंबऱ्याशी आणून सोडते.